अठरा ठळक आकडे : एका 'फुल बॉडी' रिपोर्टचं वाचन

रुग्ण ४३ वर्षांच्या बाई. राहणं सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, घरी शिवणकाम, जेवण शाकाहारी. पाच-सहा महिने थकवा, जिना चढताना धाप, केस गळणं. ताप नाही, वजन घटलेलं नाही, लघवीला जळजळ नाही. रक्तदाब ११८/७६. कुठलीही कायमची गोळी चालू नाही, फक्त केसांसाठी बायोटिनची कॅप्सूल.

घरच्यांनी सवलतीतलं 'फुल बॉडी' पॅकेज केलं. सकाळी घरी येऊन रक्त घेतलं, लघवीची डबी भरून घेतली आणि सगळं पुण्याच्या लॅबला गेलं. रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. सत्तरच्या आसपास तपासण्या, त्यातले अठरा निकाल ठळक अक्षरात. घरातल्यांनी रात्रीतच निदान करून टाकलं: साखर लागली, थायरॉइड निघाला, लघवीत इन्फेक्शन आहे, लिव्हर सुजलंय, किडनीतही काहीतरी आहे. सकाळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं ठरलं होतं.

हे प्रकरण एका व्यक्तीचं नाही. नेहमी येणाऱ्या अशा रिपोर्टांमधून ते जुळवलं आहे, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडत नाही आणि एरवी विखुरलेल्या गोष्टी एका जागी बघता येतात.

रिपोर्टात काय होतं

हिमोग्लोबिन ९.४, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ३१ टक्के, एमसीव्ही ७२, एमसीएच २१.८, एमसीएचसी ३०.३, आरडीडब्ल्यू १८.९, प्लेटलेट ४.६२ लाख, ईएसआर (पेशी नळीत खाली बसण्याचा वेग) ३८. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.३ टक्के. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ५.९. पोटॅशियम ५.९. एसजीओटी (लिव्हरसाठी बघतात ते एक एन्झाइम) ५८. बी-ट्वेल्व्ह १४८, डी जीवनसत्त्व १४. लघवीत पू-पेशी ८ ते १०, तांबड्या पेशी ४ ते ६, प्रथिनं 'ट्रेस', कीटोन 'ट्रेस'. हे झाले अठरा.

घरच्यांनी न वाचलेले, कारण साध्या अक्षरात छापलेले, निकालही पाहू: तांबड्या पेशींची संख्या ४३.१ लाख, पांढऱ्या पेशी ७,८००, उपाशीपोटी साखर ९४, किडनीचे क्रिएटिनिन ०.७ आणि युरिया १९, लिव्हरचे बिलिरुबिन ०.६ आणि एसजीपीटी २२, कॅल्शियम ९.२, फ्री टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) मर्यादेत. लघवीच्या पानावर नायट्राइट (जंतूंची एक खूण) निगेटिव्ह आणि 'एपिथेलियल पेशी १५ ते २०'. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक शेरा: सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळं होणारं पाणी) सॅम्पल किंचित हिमोलाइज्ड, म्हणजे थोड्या तांबड्या पेशी फुटलेल्या.

या प्रकरणाचा उलगडा ठळक आकड्यांपेक्षा या दुसऱ्या यादीतून जास्त झाला.

ठळक छापणं म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. लॅबची 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरलेली असते. म्हणजे निरोगी माणसाचाही एखादा निकाल मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता दर तपासणीला ५ टक्के. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी ठळक येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. सत्तर तपासण्यांत तीन-चार ठळक आकडे अगदी धडधाकट माणसाचेही यायचे. त्यामुळे किती आकडे ठळक आले ते मोजण्यात अर्थ नाही. मर्यादेपासून किती लांब गेले आणि एकमेकांशी जुळतात का, ते बघायचं.

सुरुवात पहिल्या पानाच्या कोपऱ्यातून

बहुतेक रिपोर्टांवर वेळेच्या तीन नोंदी छापलेल्या असतात: सॅम्पल घेतल्याची, लॅबला पोचल्याची आणि रिपोर्ट तयार झाल्याची. इथे घेतल्याची वेळ सकाळी ७:१०, पोचल्याची दुपारी २:४०. साडेसात तास. हा आकडा कुणी ठळक छापत नाही, पण पोटॅशियम, एसजीओटी आणि लघवीचं अख्खं पान त्याच्याच हिशोबाने वाचावं लागतं.

पोटॅशियम तांबड्या पेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. नळीत पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरतं आणि मशीन ते इमानदारीने मोजतं. पेशी फुटतात कशाने? सुई फार बारीक असली, सिरिंजने जोरात ओढलं, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, नळी गदागदा हलवली की फुटतात. आणखी दोन कारणं सहसा लक्षात येत नाहीत. दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावली तर पेशी न फुटताही पोटॅशियम वाढतं. आणि पिवळ्या टोपणाची जेलची नळी रक्त गोठल्यावर दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची असते. न फिरवता तशीच बर्फाच्या डब्यात ठेवली तर थंडीने पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू झिरपत राहतं. काळजीपोटी सॅम्पल गार ठेवलं जातं आणि त्याच काळजीने आकडा बिघडतो.

एसजीओटीही तांबड्या पेशींमध्ये असतं. एसजीओटी ५८ आणि एसजीपीटी फक्त २२, बिलिरुबिन ०.६, अशी जोडी लिव्हरच्या सुजेची वाटत नाही. पेशी शरीरात फुटत असत्या तर बिलिरुबिन वाढलं असतं. ते वाढलेलं नाही, म्हणजे पेशी नळीत फुटल्या. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं ईडीटीए चुकून दुसऱ्या नळीत गेलं तरी पोटॅशियम वाढतं, कारण ते पोटॅशियमचंच क्षार असतं. पण मग कॅल्शियम एकदम घसरलं असतं. इथे ते ९.२ आहे, तेव्हा ती शंकाही गेली.

तरीसुद्धा ५.९ पोटॅशियमकडे 'सॅम्पलच खराब असेल' म्हणून पाठ फिरवायची नसते. खरंच वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. किडनीचा आजार असेल किंवा रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर असा आकडा खरा असण्याची शक्यता बरीच. या बाईंना तसं काही नव्हतं आणि क्रिएटिनिन ०.७ म्हणजे ई-जीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ११०च्या घरात, तरी त्याच दिवशी गावातल्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. पट्टा थोडा वेळ, मूठ सैल, नळी अर्ध्या तासाने लगेच फिरवलेली. पोटॅशियम ४.२, एसजीओटी २४. अठरापैकी दोन आकडे तिथेच गेले.

जाता जाता युरियाबद्दल. काही लॅब युरिया देतात, काही बीयूएन (त्याच युरियातल्या नायट्रोजनचं वजन). युरिया म्हणजे बीयूएनच्या २.१४ पट. मागच्या वर्षीचा बीयूएन ९ आणि यंदाचा युरिया १९ शेजारी ठेवून 'किडनी दुप्पट बिघडली' असं घरात ठरलं होतं. दोन्ही आकडे एकच आहेत.

लघवीचं पान

शिपायासारखा उभा राहिलेला एक आकडा या पानावर होता: एपिथेलियल पेशी १५ ते २०. या पेशी त्वचेवरून आणि योनिमार्गाच्या अस्तरातून येतात. त्या इतक्या दिसल्या की डबीत फक्त लघवी नाही, बाहेरचा स्रावही आला आहे असं समजायचं. पू-पेशीही त्याच वाटेने आल्या असण्याची शक्यता मोठी. तांबड्या पेशींचं कारण विचारल्यावर कळलं: पाळी संपून एकच दिवस झाला होता. कीटोन ट्रेस कारण रात्री आठनंतर काही खाल्लं नव्हतं. प्रथिनं ट्रेस कारण स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३०, म्हणजे लघवी अगदी दाट. दाट लघवीत पट्टीवर ट्रेस येतोच. वर साडेसात तास डबी बाहेर. एवढ्या वेळात जंतू वाढतात, पेशी फुटतात, लघवी अल्कधर्मी होत जाते.

बाईंना जळजळ नव्हती, वारंवार जावं लागत नव्हतं, ताप नव्हता. तक्रार नसताना नुसत्या पू-पेशी बघून अँटिबायोटिक द्यायचं नसतं. लघवीत जंतू सापडले तरी लक्षणं नसतील तर औषध लागत नाही. मोठे अपवाद दोन, गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया. आपल्याकडे हे औषध फार सहज दिलं जातं आणि पुढच्या खऱ्या संसर्गाला ते लागू पडत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

पाळी संपून पाच दिवस झाल्यावर पुन्हा सॅम्पल घ्यायचं ठरलं. बाईंना सांगितलेली पद्धत अशी. आधी हात धुवायचे. मग जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन स्वच्छ कापडाने टिपायची. डेटॉल वगैरे नको. एका हाताने ओठ बाजूला धरायचे. पहिली धार संडासात सोडायची. मग धार न थांबवता डबी मध्ये धरून ३० ते ५० मिलिलिटर घ्यायचं. शेवटची धार पुन्हा संडासात. डबीच्या आत किंवा झाकणाला आतून बोट लावायचं नाही. तासाभरात, फार तर दोन तासांत लॅबला पोचवायचं. जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायचं. पोटॅशियमच्या रक्ताला थंडी बाधते, लघवीला थंडी हवी.

दुसऱ्या वेळी एपिथेलियल पेशी १ ते २, पू-पेशी १ ते २, तांबड्या पेशी शून्य, प्रथिनं नाहीत. कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) पाठवायची गरजच उरली नाही. अठरापैकी सहा गेले. मात्र पाळीचा संबंध नसताना तांबड्या पेशी पुन्हा दिसल्या असत्या, किंवा डोळ्यांना लाल दिसणारी लघवी एकदाच झाली असती, तरी सोनोग्राफीपर्यंत जावं लागलं असतं. पुरुषांत आणि तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत तर नक्कीच.

हिमोग्लोबिनची ओळ

इथे खरा आजार होता, आणि अठरापैकी आठ आकडे त्याचेच होते.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की ॲनिमिया. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम. हिमोग्लोबिन नुसतं 'कमी आहे' एवढंच सांगतं. का कमी आहे ते त्याच्याखालच्या ओळी सांगतात. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, साधारण ८० ते १००. ७२ म्हणजे पेशी लहान. एमसीएच २१.८ म्हणजे प्रत्येक पेशीत रंगद्रव्य कमी. आरडीडब्ल्यू पेशींच्या आकारातली तफावत सांगतं, १८.९ म्हणजे लहान-मोठ्या सगळ्या मिसळलेल्या.

लहान पेशींची आपल्याकडची दोन मुख्य कारणं: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष). दोन्ही वेगळे करायला एक सोपा भागाकार आहे. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागायचं. इथे ७२ भागिले ४.३१ म्हणजे १६.७. उत्तर १३च्या वर आलं तर लोहाकडे बोट, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान असतात पण संख्येने भरपूर, बहुधा ५० लाखांच्या वर, आणि आरडीडब्ल्यू फारसं वाढलेलं नसतं. हा भागाकार कौल देतो, निकाल नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमिया मायनर जास्त आढळतो. तिथे, आणि घरात लग्न किंवा बाळंतपण ठरत असेल तर कुणाच्याही बाबतीत, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून घ्यावी. ती करताना लोह फार कमी असेल तर एचबी-ए-टू (थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) थोडं कमी दिसू शकतं, म्हणून शंका असेल तिथे लोह भरून आल्यावर पुन्हा करतात.

या बाईंचं फेरिटिन केलं. ६. शरीरातला लोहाचा साठा सांगणारी ही तपासणी. १५च्या खाली गेलं की साठा संपला असं समजायला हरकत नाही. अडचण उलट बाजूने येते. ताप, संसर्ग, सांध्यांची सूज, लिव्हरचा आजार असला की फेरिटिन वाढतं, त्यामुळे अशा वेळी ५० असलं तरी लोह पुरेसं आहे असं म्हणता येत नाही. नुसतं सीरम आयर्न करून मात्र फारसं हाती लागत नाही. ते दिवसात वर-खाली होतं आणि आदल्या रात्री लोहाची गोळी घेतली असली तरी सकाळी छान दिसतं.

प्लेटलेट ४.६२ लाख हाही लोहाच्या कमतरतेचाच परिणाम. ईएसआरचंही तसंच: ॲनिमियात पेशी नळीत लवकर खाली बसतात. वयाचा साधा हिशोब लावला, म्हणजे बायकांत वयात दहा मिळवून निम्मं, तर यांची वरची मर्यादा २६-२७ येते. ३८ त्याच्या वर, पण सीआरपी (सुजेची दुसरी तपासणी) २ आलं. सूज कुठेच नाही. नुसत्या ईएसआरवरून टीबी शोधत फिरायची गरज नव्हती.

रक्ताची स्लाइड डोळ्यांनी बघायला सांगितली होती, आणि त्याचा उपयोग झाला. लहान फिकट पेशी, काही पेन्सिलसारख्या लांबट. आणि सोबत केंद्रकाला जास्त कप्पे असलेल्या न्यूट्रोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी. या दुसऱ्या खुणा बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेच्या. १४८ हा आकडा २००च्या खाली आहेच, स्लाइडने तो पक्का केला. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-ट्वेल्व्ह कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं तर सरासरी कधीकधी ८५ येते आणि एमसीव्ही 'नॉर्मल' म्हणून निघून जातं. आरडीडब्ल्यू तेवढं खूण ठेवून जातं. दूध सोडून प्राणिज काही न खाणाऱ्या घरांत ही जोडी नेहमी बघायची.

साखर आणि थायरॉइड

एचबीएवनसी ६.३ म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर १३४च्या आसपास असायला हवी. उपाशीपोटी साखर मात्र ९४, तीही करड्या टोपणाच्या फ्लोराइड नळीत घेतलेली, म्हणजे उशीर होऊनही फार घटलेली नसणार. दोन्ही आकडे एकमेकांशी पटत नाहीत. न पटणारे आकडे दिसले की गोळी सुरू करायच्या आधी कारण शोधायचं.

एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर. पेशी रक्तात जितके दिवस फिरेल तितकी साखर तिला चिकटत जाते. लोह कमी असताना नव्या पेशी कमी बनतात, जुन्या जास्त दिवस टिकून राहतात आणि साखर न वाढताही एचबीएवनसी वर सरकतं. बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेतही हेच होतं. उलट, सिकलसेलमध्ये, पेशी लवकर फुटण्याच्या आजारात, नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात ते खोटं कमी दिसतं. गडचिरोली-नंदुरबारकडच्या रुग्णांत ही दुसरी बाजू विसरून चालत नाही: तिथे नॉर्मल एचबीएवनसी खऱ्या मधुमेहाला झाकू शकतं.

म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी केली. उपाशी ९१, दोन तासांनी १२४. शंभराच्या आणि १४०च्या आत. मधुमेह नाही, त्याच्या आधीची पायरीही नाही. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) सुरू केलं असतं तर ते नाहक झालं असतंच, शिवाय दीर्घकाळ घेतल्यास ते बी-ट्वेल्व्ह आणखी कमी करतं.

टीएसएच ५.९, फ्री टी-फोर ठीक. याला सौम्य, न दिसणारी थायरॉइडची मंदावण म्हणतात. टीएसएच १०च्या आत असेल, बाई गरोदर नसेल आणि गरोदर राहायचा विचारही नसेल, तर गोळीची घाई न करता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करतात. बरेचदा तो आपोआप खाली येतो. लोहाचा इथेही संबंध आहे. थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या एका एन्झाइमला लोह लागतं. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) निगेटिव्ह आलं, थांबायचं ठरलं.

पण केसांची कॅप्सूल बंद करायला सांगितलं. बऱ्याच लॅबच्या थायरॉइड तपासणीच्या रसायनात बायोटिनचाच वापर असतो. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन रक्तात जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे या बाईंचा खरा टीएसएच ५.९पेक्षा जास्तही असू शकला असता. पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस, मोठा डोस असेल तर त्याहून जास्त, बायोटिन बंद हवं.

रक्त जातंय कुठे

लोह कमी आहे एवढ्यावर थांबणं ही या प्रकारात होणारी सगळ्यात महाग चूक. गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वाढतं, कारण तसंच राहतं.

पाळीबद्दल नुसतं 'जास्त जाते का' विचारलं तर बहुतेक बायका 'नेहमीचंच' म्हणतात. या बाईंनीही तेच म्हटलं. मग नेमके प्रश्न विचारले. पाळी किती दिवस? सात-आठ. पॅड किती वेळाने बदलता? पहिले दोन दिवस दीड-दोन तासांनी. रात्री उठून बदलावा लागतो का? हो. गाठी पडतात का, दहाच्या नाण्याएवढ्या? हो. ही पाळी भरपूर आहे, वर्षानुवर्षं चालत आलेली असली तरी. सोनोग्राफीत गर्भाशयात ३.८ सेंटीमीटरचा फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली गाठ) निघाला. पुढचं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे: चाळिशी उलटलेली असल्याने अस्तराचा तुकडा तपासायचा का, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड पाळीच्या दिवसांपुरतं द्यायचं की हार्मोन सोडणारी तांबी बसवायची.

सोबत हेही विचारलं: डोकेदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या, शौच काळी होणं, मूळव्याध, अनवाणी शेतात जाणं (त्यातून रक्त पिणारे जंत शरीरात शिरतात). पाळी बंद झालेली बाई किंवा कुठल्याही वयाचा पुरुष असता आणि फेरिटिन ६ आलं असतं, तर दुर्बिणीने पोट आणि मोठं आतडं बघितल्याशिवाय गोळ्यांवर समाधान मानायचं नसतं. आतड्याचा कॅन्सर कधीकधी एवढीच एक खूण देतो.

उपचार आणि चुकतं कुठे

लोहाच्या गोळीवर क्षाराचं वजन असतं, लोहाचं नव्हे. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम म्हणजे लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं आणि ती या कामाला उत्तम आहे. पण त्यातल्या फोलिक ॲसिडमुळेच बी-ट्वेल्व्ह आधी बघावं लागतं. बी-ट्वेल्व्ह कमी असताना एकटं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. इथे बी-ट्वेल्व्हची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सोबतच सुरू केली.

लोहाची गोळी दिवसातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नाही. गोळी चहाबरोबर घेणं हे 'गोळ्या लागू पडत नाहीत' या तक्रारीचं एक नेहमीचं कारण. कॅल्शियमची गोळी असेल तर ती रात्री. मळमळ झाली तर एक दिवसाआड. एक डोस घेतल्यावर शरीर पुढचा दिवसभर लोह आत घेणं कमी करतं, त्यामुळे दिवसाआडच्या डोसातून शोषण चांगलंच होतं. दिवसाला तीन गोळ्या खाऊन लवकर भरत नाही, पोट तेवढं बिघडतं. शौच काळी होणार हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात.

डी जीवनसत्त्वासाठी ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. पाकिटावर वार लिहून दिला, कारण हे सॅशे रोज घेतले जातात आणि मग कॅल्शियम वाढून रुग्ण उलट्या करत येतो.

नवव्या दिवशी रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी) ३.४ टक्के, आधी १.२ होते: अस्थिमज्जेने काम सुरू केल्याची पावती. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.०. या काळात एक ते दोन ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ती झाली नसती तर आधी चहा, मग सुटलेल्या गोळ्या, मग चालू रक्तस्राव, आणि शेवटी आतड्यातून शोषण होतंय का, त्यासाठी सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याच्या आजाराची) तपासणी, या क्रमाने बघितलं असतं.

साडेतीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.६, एमसीव्ही ८४, प्लेटलेट २.९८ लाख, ईएसआर १८, टीएसएच ३.६, एचबीएवनसी ५.५. शेवटच्या दोन आकड्यांना कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. मात्र फेरिटिन २२. हिमोग्लोबिन भरलं, साठा भरलेला नाही, आणि बहुतेक घरांत गोळी नेमकी याच टप्प्यावर बंद होते. हिमोग्लोबिन १२च्या वर गेल्यापासून पुढे तीन महिने ती चालू ठेवायची.

सहाव्या महिन्यात सत्तर तपासण्यांचं पॅकेज पुन्हा करायचं नाही. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि बी-ट्वेल्व्ह पुरे. नव्या पेशींचं प्रमाण जास्त असताना एचबीएवनसी खोटं कमीही दिसू शकतं, म्हणून ते मात्र या सहाव्या महिन्यात एकदा पुन्हा घ्यायचं. टीएसएच वर्षाने. अर्जावर पाळीची तारीख, चालू गोळ्या आणि बायोटिन कधी बंद केलं हे लिहायचं, जुने रिपोर्ट त्याच लॅबचे सोबत जोडायचे. आणि रक्त गावातल्या रुग्णालयाच्या लॅबमध्येच द्यायचं, जिथे नळी अर्ध्या तासात फिरवली जाते.